नेरुळ ते चिआंग माई: एका पुनरागमनाचं प्रकरण आणि आपला किनारा

२३ जानेवारी २०२२ च्या संध्याकाळी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर एएफसी महिला आशियाई चषकात भारताचा सामना चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी, व्हायचा होता. तो झालाच नाही. यजमान संघातल्या डझनभर मुली कोरोनाबाधित निघाल्या आणि नियमाप्रमाणे लागणारे किमान तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत. स्पर्धेच्या विशेष नियमांनुसार भारताने माघार घेतल्याचं धरलं गेलं. तीन दिवस आधी इराणशी झालेली शून्य-शून्य बरोबरीसुद्धा रद्द ठरली. यजमान म्हणून थेट मिळालेल्या स्पर्धेत संघ नव्वद मिनिटं खेळला आणि कागदावर तेवढंही राहिलं नाही.

५ जुलै २०२५ ला थायलंडमधल्या चिआंग माईत भारताच्या मुलींनी यजमान थायलंडला २-१ असं हरवलं आणि २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून, गटात पहिलं येऊन तिथे पोचण्याची भारतीय महिला संघाची ही पहिलीच वेळ.

या दोन तारखांच्या मधल्या साडेतीन वर्षांत काय घडलं, काय बदललं आणि काय बदललंच नाही, ते इथे मांडतो आहे. ऑस्ट्रेलियातल्या मुख्य स्पर्धेची चर्चा वेगळी. हे प्रकरण पात्रतेपाशी थांबतं. मी दक्षिण कोकणात शाळकरी मुलींना फुटबॉल शिकवतो, त्यामुळे शेवटी बोलणं आपल्या किनाऱ्यावर येणार हे आधीच सांगून ठेवतो. माझं मत थोडक्यात असं आहे: मुलींना वर्षभरात खरे, गुणांसाठीचे सामने किती मिळतात यावर बाकी सगळं उभं असतं. शिबिर, परदेश दौरा, स्टेडियम, यजमानपद हे सगळं त्यानंतर.

मागची गोष्ट

नव्या वाचकांना खरं वाटणार नाही, पण महिला फुटबॉलमध्ये भारत एकेकाळी आशियात दुसऱ्या क्रमांकावर होता. १९७९ ची आशियाई स्पर्धा केरळात कालिकतला झाली, तिथे भारत उपविजेता ठरला. १९८१ मध्ये तिसरा क्रमांक आला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम फेरी गाठली आणि तिथे थायलंडकडूनच हार झाली. त्या मुलींनी हे सगळं अतिशय तुटपुंज्या साधनांवर केलं. पुढे आशियातले इतर देश पैसा, प्रशिक्षक आणि लीग घेऊन पुढे निघाले, आपण जागच्या जागी राहिलो. २००३ नंतर, २०२२ च्या यजमानपदापर्यंत, भारताला या स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही. २००९ मध्ये तर संघ पुरेसे सामने खेळत नाही म्हणून फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नाव काढण्यात आलं होतं. संघ वाईट खेळतो म्हणून नव्हे, खेळतच नाही म्हणून. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथे आहे.

नेरुळला काय चुकलं

तिसरी लाट कोणाच्या हातात नव्हती. मुंबई-ठाण्यात त्या जानेवारीत घरोघरी ताप होता. अलगीकरणाची व्यवस्था कुठे फुटली यावर तेव्हा बरीच तोंडपाटिलकी झाली, त्यात मी पडत नाही. मुलींवर जे गुदरलं ते फार वाईट होतं. उपांत्यपूर्व फेरी गाठली असती तर २०२३ च्या विश्वचषकाची आशा तरी जिवंत राहिली असती, आणि तेवढ्यासाठी त्यांनी घरदार सोडून महिनोन् महिने काढले होते.

मला त्याआधीच्या दोन वर्षांबद्दल बोलायचं आहे. इंडियन विमेन्स लीगचा हंगाम फेब्रुवारी २०२० मध्ये संपला, तो गोकुळम केरळने जिंकला. त्यानंतर कोरोनामुळे लीग झालीच नाही. नेरुळच्या स्पर्धेपर्यंत देशातल्या मुलींना राष्ट्रीय पातळीवरचा क्लब सामना मिळाला नव्हता. त्याऐवजी निवडक मुलींचा एक गट बांधला गेला. प्रशिक्षक थॉमस डेनर्बी स्वीडनचे, मोठ्या अनुभवाचे. झारखंडात लांब शिबिर झालं, मग संयुक्त अरब अमिराती, बहारीन, स्वीडन आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलमधलं मनाऊस. तिथे ब्राझीलकडून ६-१ अशी हार झाली, पण तो एक गोल मनीषा कल्याणचा होता आणि तो पाहून माझ्याकडच्या मुलींनी आठवडाभर दुसरं काही बोललं नाही. दौरा वाया गेला असं मी म्हणणार नाही.

पण गट एकच होता. त्या तेवीस जणींच्या मागे, आदल्या आठवड्यात सामना खेळून तयार असलेली दुसरी फळी देशात कुठेच नव्हती, कारण लीगच नव्हती. समजा साथ आली नसती आणि फक्त चार जणींचे गुडघे दुखावले असते, तरी संघाचं बळ निम्म्यावर आलं असतं. इराणविरुद्ध ते दिसलं होतं. इराणची ती पहिलीच आशियाई स्पर्धा. आपल्या मुली चेंडू जास्त वेळ बाळगून होत्या, संधी निर्माण करत होत्या, पण गोलसमोरचा शेवटचा स्पर्श कच्चा पडत होता. तो स्पर्श शिबिरातल्या सरावाने येत नाही. हरलो तर गुण जातील या धाकात पुन्हा पुन्हा खेळल्यावर येतो.

मधला उतार

त्यानंतर लगेच सुधारणा झाली असं कोणी समजू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. ते निलंबन दोन आठवड्यांच्या आत उठलं, पण आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या गोकुळमच्या मुली न खेळता परत आल्या. सप्टेंबरात काठमांडूला दक्षिण आशियाई स्पर्धेत भारत पहिल्यांदाच विजेतेपदाविना परतला. आधीच्या पाचही स्पर्धा आपण जिंकल्या होत्या. बांगलादेशने गटात ३-० असं हरवलं, उपांत्य फेरीत नेपाळने घालवलं. ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचं यजमानपद भारताकडे आलं. आपल्या मुली भुवनेश्वरला तीनही सामने हरल्या, अमेरिकेविरुद्ध तर ८-० असे. अंतिम सामना नेरुळच्याच मैदानावर स्पेन आणि कोलंबियाच्या मुली खेळल्या. २०२४ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत पुन्हा नेपाळ, पुन्हा उपांत्य फेरी, या वेळी पेनल्टीवर हार.

म्हणजे एकाच वर्षात कोकणच्या त्या टोकाला महिला फुटबॉलच्या दोन मोठ्या स्पर्धा येऊन गेल्या. गवत उत्तम झालं, दिवे उत्तम लागले. पनवेलच्या खाडीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत मुलींच्या सामन्यांचं वेळापत्रक मात्र होतं तसंच राहिलं. यजमानपदाने आपोआप काही झिरपत नाही.

चिआंग माई

२०२६ च्या स्पर्धेसाठी पात्रतेचे आठ गट होते आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे जाणार होता. भारताच्या गटात मंगोलिया, तिमोर-लेस्त, इराक आणि थायलंड. सगळे सामने थायलंडमध्ये. २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक खेळलेल्या थायलंडला आपण त्याआधी कधीही हरवलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये जबाबदारी क्रिस्पिन छेत्री यांच्याकडे आली. ओडिशा एफसीला लीगचं विजेतेपद मिळवून देणारे हेच प्रशिक्षक. म्हणजे ज्या मुलींना ते निवडत होते, त्यांना त्यांनी हंगामभर प्रतिस्पर्धी म्हणून किंवा आपल्या बाकावरून पाहिलेलं होतं. लीग एप्रिलमध्ये संपली, बंगळुरूला शिबिर लागलं, उझबेकिस्तानशी दोन मैत्रीपूर्ण सामने झाले आणि दोन्ही १-० असे हरलो. तेव्हा वर्तमानपत्रांत फारसं कोणी लिहिलंही नाही.

२३ जूनला मंगोलियाविरुद्ध १३-०, त्यात प्यारी खाखाचे पाच गोल. मग तिमोर-लेस्तविरुद्ध ४-०, इराकविरुद्ध ५-०. दुबळ्या संघाला तेरा गोल कशाला मारायचे, असं मला आमच्याच एका शिक्षकांनी विचारलं. उत्तर गुणतक्त्यात होतं. थायलंडनेही त्या तिघांविरुद्ध मिळून बावीसच गोल केले होते आणि एकही खाल्ला नव्हता. शेवटच्या सामन्याआधी दोन्ही संघांचे गुण सारखे, गोलफरकही सारखा. बरोबरी झाली असती तर निकाल पेनल्टीवर गेला असता. मंगोलियाविरुद्ध सात-आठ गोलांवर मुली सैलावल्या असत्या तर थायलंडला घरच्या मैदानावर नुसती बरोबरी पुरली असती. दमछाक झाल्यावरही दहावा, अकरावा गोल करायला धावणं ही सवय आहे आणि ती लीगमधून येते, जिथे हंगामाच्या शेवटी गोलफरक मोजला जातो.

५ जुलै म्हणजे आषाढी एकादशीची आदली संध्याकाळ. इकडे पावसाने झोडपून काढलं होतं, वीज येत-जात होती आणि आम्ही मोबाइलवर सामना पाहत होतो. पहिला गोल संगीता बासफोरचा. मध्यंतरानंतर लगेचच थायलंडने बरोबरी केली. हा क्षण मी नंतर मुलींना पुन्हा पुन्हा दाखवला. जुना संघ अशा वेळी मागे सरकायचा, चेंडू मिळाला की दूर भिरकावून द्यायचा. या मुली सरकल्या नाहीत. मधली फळी जागा सोडत नव्हती, बगलेवरून चढाया चालू राहिल्या. शेवटची पंधरा-सोळा मिनिटं उरली असताना दुसरा गोल झाला, तोही संगीताचाच.

संगीता नदिया जिल्ह्यातल्या कल्याणीची, मधल्या फळीत खेळणारी. नेरुळच्या तेवीस जणींत ती नव्हती. कर्णधार स्वीटी देवी, मनीषा, ग्रेस डांगमेई, प्यारी, अंजू तमांग या मात्र तिथे होत्या आणि इथेही होत्या. जुनी फळी टिकली आणि तिच्याभोवती नवी उगवली. २०२२ मध्ये या दुसऱ्या गोष्टीचाच अभाव होता.

नेमकं काय बदललं

इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ च्या हंगामापासून आहे, पण बरीच वर्षं ती एखाद्या शहरात सगळे संघ आणून महिनाभरात उरकली जायची. २०२२-२३ चा हंगाम अहमदाबादला असाच झाला. दोन दिवसांआड सामना, उकाडा, ना प्रेक्षक ना घरचं मैदान. २०२३-२४ पासून लीग घरी-दारी पद्धतीने, म्हणजे एक सामना आपल्या मैदानावर आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या, सुरू झाली. सात संघ, प्रत्येकीला बारा सामने. पुढच्या हंगामात आठ संघ आणि चौदा सामने, जानेवारीच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. ती ईस्ट बंगालने जिंकली.

चौदा हा आकडा लहान आहे. जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामात बारा संघ होते, म्हणजे एका संघाला बावीस सामने, शिवाय चषक स्पर्धा वेगळ्या. आणि मुख्य स्पर्धेच्या सोडतीत भारताच्या गटात जपानच आला. सोबत व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई, ज्यांच्याशी नेरुळला खेळणं राहून गेलं होतं. तरीही सात-आठवरून चौदावर जाणं आणि ते सामने तीन महिन्यांत पसरणं याने फरक पडला. आठवडाभर सराव, मग सामना, मग झालेल्या चुकीवर पुन्हा आठवडाभर काम. खेळाडू असा घडतो. शिबिरात प्रशिक्षकाला तंदुरुस्ती वाढवता येते, रचना पक्की करता येते. खेळाची जाण तिथे उपजत नाही.

माझ्या या मांडणीवर एक आक्षेप येतो आणि तो मी गांभीर्याने घेतो. पुरुषांची लीग तर महिलांपेक्षा कितीतरी मोठी, श्रीमंत आणि लांब. मग पुरुषांचा संघ का घसरला? २०१९ आणि २०२३ असे सलग दोन आशियाई चषक खेळलेला हा संघ २०२७ च्या पात्रतेत बाद झाला, आणि तेही आपल्याच किनाऱ्यावर: १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानात सिंगापूरने २-१ असं हरवलं. छांगटेने आपल्याला आघाडी मिळवून दिली होती. ती टिकली नाही.

माझं उत्तर असं की सामने कोणाला मिळतात हेही मोजायला हवं. पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये गोल करण्याची जागा बहुतेक क्लबांनी वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूंना दिली. भारतीय आघाडीवीर बाकावर किंवा बगलेवर. म्हणून चाळिशीला आलेल्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. महिला लीगमध्येही परदेशी मुली येऊ लागल्या आहेत आणि त्यांच्यामुळे दर्जा वाढतो, हे खरं. पण प्यारीसारख्यांना गोलसमोर उभं राहायला मिळतंय तोवरच या वाढीचा राष्ट्रीय संघाला उपयोग आहे.

आपल्याकडचं गणित

आता किनाऱ्याकडे येतो. आमच्याकडे मुलीचा फुटबॉल म्हणजे शालेय स्पर्धा. तालुका, जिल्हा, मग विभाग. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातला विजेता विभागाला कोल्हापूरच्या संघांसमोर जातो, जिथे फुटबॉल तालमी-तालमींत मुरलेला आहे. बाद पद्धत असल्यामुळे जिल्ह्याला आठ संघ आले तर एकूण सामने होतात सात, आणि चार संघांचा हंगाम एकाच सामन्यात आटोपतो. त्या मुलींनी वर्षभर सराव केलेला असतो. तेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळले तर सामने होतात अठ्ठावीस, प्रत्येकीला सात. मुली त्याच, शिक्षक तेच.

त्यात वेळ चुकीची. सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या खालच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टात लागतात. तेव्हा इथे मैदान म्हणजे तळं किंवा जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर पडलं की गुडघा सोलून निघतो. आणि ते लावणीचे दिवस. एका मुलीची आई मला म्हणाली, "सर, लावणी टाकून चेडवाक खेळाक कशी धाडू? भात घरात येवंदे, मगे धाडतंय." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. खेळाचं वेळापत्रक या मातीतल्या वर्षाकडे न बघता आखलेलं आहे.

म्हणून जवळपासच्या काही शाळांतल्या आम्ही शिक्षकांनी भात घरात आल्यावर, दिवाळीनंतर, साखळी सामने सुरू केले. नाव नाही, चषक नाही; वहीत गुणतक्ता. मैदानाचा प्रश्न समुद्राने थोडा सोडवला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचे दिवस असतात, तेव्हा आमच्याकडे सुकती, म्हणजे ओहोटी, साधारण संध्याकाळी लागते आणि पाणी लांबवर जातं. ओल्या, घट्ट वाळूची मोठी पट्टी मोकळी होते. शाळा सुटल्यावर तासभर छान खेळता येतं. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत सुकती भर दुपारी येते आणि संध्याकाळी पाणी चढलेलं असतं, तेव्हा शाळेचंच मैदान. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या मुलींना हे तोंडपाठ, त्यामुळे वेळापत्रक त्यांनीच लावलं. वाळूवर चेंडू उसळत नाही, पास जोरात द्यावा लागतो, पोटऱ्या लवकर भरून येतात. ते कातळापेक्षा कितीतरी बरं.

फरक दिसायला हंगाम पुरा व्हावा लागला नाही. पहिल्या सामन्यात चेंडूभोवती घोळका करणाऱ्या मुली थोड्याच दिवसांत एकमेकींना हाका मारून जागा वाटून घेऊ लागल्या. हरलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळायचं असतं, म्हणून रडारड कमी आणि चर्चा जास्त. एका गोलरक्षक मुलीने तर समोरच्या संघातली कोणती मुलगी डाव्या पायाने मारते याची यादीच करून ठेवली होती. हे तिला मी शिकवलेलं नाही.

अडचणी खऱ्या आहेत. शेवटची एसटी चुकली तर मुलींना घरी पोचवायचं कोणी? मैदानाजवळ कपडे बदलायला आडोसा नाही, शौचालय नाही, आणि पाळीच्या दिवसांत मुली न सांगता गैरहजर राहतात. जानेवारी लागला की दहावीच्या मुली सराव परीक्षांत अडकतात. चेंडू आणि बूट चाकरमान्यांच्या मंडळांकडून मिळू शकतात, मिळालेही. एसटीची वेळ आणि शौचालय मात्र पंचायतीत जाऊन, पुन्हा पुन्हा बसून मागावं लागतं. ते काम आम्ही सुरू केलं आहे.

सगळ्यात मोठी भेग दहावीनंतरची. शाळा संपली की इथल्या मुलीला संघ नाही. सिंधुदुर्गातून जवळचा रस्ता गोव्याचा. तिथे फुटबॉल संघटनेची महिला लीग आहे. बांद्याहून पुढे गेलं की एक मुलगी आठवड्याला खरा सामना खेळू शकते, अलीकडे तिच्याच तोडीची दुसरी मुलगी दुकानात कामाला लागते. आमच्या साखळीतून पुढे आलेल्या दोघींना पलीकडच्या एका क्लबने चाचणीला बोलावलं आहे. एकीचे वडील तयार आहेत. दुसरीच्या घरी मी आणि शाळेतल्या बाई येत्या रविवारी जाणार आहोत; राहण्याची सोय काय, अकरावीचा प्रवेश कुठे आणि परतीची गाडी किती वाजता, हे तीन प्रश्न तिच्या आजीने आधीच कळवून ठेवले आहेत.